साध्या इंजिनाला टर्बो : आधी हिशेब, मग पाना

हॉस्टेलच्या कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, “जुन्या गाडीला टर्बो बसवला तर?” मी मेकॅनिकलचा, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. बसेल हो, पण टिकेल का, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं बरंचसं उत्तर थर्मोडायनॅमिक्सच्या वहीतच आहे.

टर्बो करतो काय? बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम वायूंवर टर्बाइन फिरते आणि त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. पण साध्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच ९ ते १०.५ च्या आसपास असतो. त्यात आधीच दाबलेली गरम हवा गेली, की ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच ते नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो.

हा धडा जुना आहे. १९६२ मध्ये ओल्ड्समोबाइलने अमेरिकेत जेटफायर ही टर्बो गाडी काढली. कॉम्प्रेशन रेशो ठेवला १०.२५ आणि नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडलं. लोक ती टाकी भरायचं विसरायचे! १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. तात्पर्य, जी व्यवस्था मालकाच्या आठवणीवर चालते ती भरवशाची नाही.

आता आकडे घेऊ. समजा १.३ लिटरचं, चार सिलिंडरचं, ६५ किलोवॅटचं इंजिन आहे. बूस्ट फक्त ०.५ बार, म्हणजे प्रेशर रेशो साधारण १.५. बाहेर ३५ अंश, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के. गणित करा, हवा सुमारे ८९ अंशांवर जाते. त्यामुळे घनता ५० टक्क्यांनी न वाढता जेमतेम २८ टक्क्यांनी वाढते. इंटरकूलर लावून हवा ५० अंशांवर आणली तर वाढ ४३ टक्के (पाइपांतली दाबाची घट सोडून). म्हणजे इंटरकूलर ही चैन नव्हे. तोच ताकद देतो आणि तोच नॉकिंग रोखतो.

पुढे पेट्रोल. ताकद ९० किलोवॅट झाली आणि खप ताशी किलोवॅटमागे ३४० ग्रॅम धरला, तर प्रत्येक इंजेक्टरने मिनिटाला सुमारे १७२ सी.सी. द्यायला हवं. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २१५ सी.सी.चा घ्यावा लागतो. मूळचे इंजेक्टर इथे कमी पडतात, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जातं. बूस्टमध्ये हवा-पेट्रोल प्रमाण १४.७ नाही, ११.५ ते १२ लागतं. ते वाइडबँड सेन्सरवर मोजायचं, कानाने नाही. मूळचा एक बारचा मॅप सेन्सरही बूस्ट ओळखत नाही, तो बदलून ईसीयू नव्याने ट्यून करावा लागतो आणि इग्निशन थोडं मागे घ्यावं लागतं.

टर्बो मरतो तो बहुधा तेलामुळे. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. तेल दाबाने आत येतं, पण परत जातं ते केवळ गुरुत्वाकर्षणाने. म्हणून परतीचा पाइप जाड, सरळ उतरता आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. जोरात चालवून आलात तर मिनिटभर आयडलवर ठेवून मगच इंजिन बंद करा, नाहीतर तेल आतच जळून कोळसा होतो.

माझ्या मते कामाचा क्रम असा असावा :
१) आधी कॉम्प्रेशन टेस्ट. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर टर्बो विसरा, इंजिन उघडा.
२) इंधन, सेन्सर, ईसीयू आणि इंटरकूलर. टर्बो शेवटी.
३) एक नंबर थंड प्लग, गॅप थोडा कमी.
४) वेस्टगेटची स्प्रिंग सगळ्यात कमी बूस्टची. डायनोवर मोजून मगच वाढवायचं.
५) ब्रेक, क्लच आणि रेडिएटर. पळवणाऱ्या गाडीला थांबताही आलं पाहिजे.

आणि एक महत्त्वाचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याला लागलं तर भरपाई कोण देणार? म्हणून हा उद्योग रस्त्यावरच्या गाडीवर नको. लॅबच्या टेस्ट बेडवरचं जुनं इंजिन घ्या, सरांची परवानगी काढा. फायनल इयरचा प्रोजेक्ट होईल, व्हायवाला बोलायला विषय मिळेल आणि पिस्टन फुटलाच तर फक्त पिस्टनच फुटेल.