शेवटचा प्रश्न : तरुण तटरक्षक डग्लस मन्रो याचे स्मरण

माणसाच्या आयुष्याचे मोल वर्षांच्या मोजणीवरून ठरत नाही, असे आपण वर्गात अनेकदा ऐकतो आणि ऐकवतो. परंतु ते पटायचे असेल तर एखादे आयुष्य तपशिलांसह समोर ठेवावे लागते. म्हणून या अभ्यासलेखासाठी आम्ही डग्लस मन्रो या तरुणाची निवड केली आहे. त्याला तेविसावा वाढदिवस पाहता आला नाही. त्याने ग्रंथ लिहिला नाही, मोठा हुद्दाही मिळवला नाही. तरीही तटरक्षक दलात सेवा करताना अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर', मिळवणारा तो एकमेव सैनिक आहे.

जडणघडण

डग्लसचा जन्म ११ ऑक्टोबर १९१९ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर शहरी झाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील साउथ क्ली एलम या डोंगराळ भागातील लहानशा गावी स्थायिक झाले. वडील रेल्वेत नोकरीस होते. शालेय शिक्षणानंतर डग्लसने एक वर्ष महाविद्यालयात काढले आणि १९३९ मध्ये तो तटरक्षक दलात भरती झाला. तेथे त्याला रेमंड इव्हान्स हा जिवाभावाचा मित्र लाभला. दोघांनीही संदेशवाहकाचे काम शिकून घेतले. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाकडे निशाणांनी आणि दिव्यांच्या उघडझापीने निरोप पाठवणे हे ते काम. त्यात धांदल चालत नाही. एक खूण चुकली तरी अर्थाचा अनर्थ होतो.

किनारा जाणणारे दल

तटरक्षक दलाचा सैनिक घरापासून हजारो मैलांवरच्या रणांगणात कसा पोहोचला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. त्याचे उत्तर दलाच्या इतिहासात आहे. १७९० मध्ये जकात बुडवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत एक सागरी पथक उभे राहिले. १९१५ मध्ये त्यात जीवरक्षक सेवा विलीन झाली आणि आजचे तटरक्षक दल अस्तित्वात आले. ही जीवरक्षक सेवा वादळात सापडलेल्या जहाजांवरील माणसांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणत असे. त्यामुळे फुटत्या लाटांतून होडी काठाला लावणे व ती सुखरूप परत फिरवणे ही विद्या या दलाकडे परंपरेने आली. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर सैन्य उतरवण्याची वेळ आली, तेव्हा हीच विद्या कामी आली. बुडत्याला वाचवण्यासाठी कमावलेले कौशल्य युद्धाच्या कामी जुंपले गेले, ही त्या काळाची शोकांतिकाच होय.

२७ सप्टेंबर १९४२

प्रशांत महासागराच्या दक्षिण भागातील सॉलोमन द्वीपसमूहात ग्वाडलकनाल नावाचे बेट आहे. ७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन सैन्य तेथे उतरले आणि जपानी सैन्याशी दीर्घ झुंज सुरू झाली. २७ सप्टेंबर रोजी पॉइंट क्रूझ या ठिकाणाजवळ मरीन सैनिकांची एक तुकडी होड्यांतून उतरवण्यात आली. ते सैनिक आत टेकडीकडे सरकले आणि अपेक्षेहून मोठ्या जपानी फौजेने त्यांना घेरले. मदत मागण्यास साधन उरले नव्हते. तेव्हा त्यांनी अंगातले गंजीफ्रॉक काढले व ते जमिनीवर पसरून मदतीची हाक देणारी अक्षरे रचली. आकाशातील एका वैमानिकाने ती वाचली आणि निरोप पुढे पोहोचवला.

सुमारे ५०० माणसे अडकली होती. त्यांना परत आणण्यासाठी होड्या न्यायच्या होत्या, तेव्हा डग्लसने नेतृत्व पत्करले. या होड्या सुमारे ११ मीटर लांबीच्या, प्लायवूडच्या होत्या. गोळी अडवण्याची ताकद त्या लाकडात नव्हती. काठावरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना एकेक होडी माणसे भरून मागे फिरत होती. शेवटची माणसे चढू लागली तेव्हा शत्रूचा मारा फारच वाढला. डग्लसने आपली होडी मुद्दाम किनारा आणि भरलेल्या होड्या यांच्या मधोमध आणली. इतरांवर येणारे संकट त्याने स्वतःवर घेतले. त्याच वेळी त्याला गोळी लागली.

तो काही क्षण शुद्धीवर आला. इव्हान्स जवळच होता. सगळे बाहेर पडले का, एवढेच डग्लसने विचारले. होकार मिळाला आणि त्याने प्राण सोडला.

मातेचा निर्णय

मे १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मेडल ऑफ ऑनर डग्लसच्या मातापित्यांच्या हाती दिले. पुत्रशोकाने खचून जाणे स्वाभाविक होते. पण माता एडिथ मन्रो यांनी वेगळा मार्ग निवडला. तटरक्षक दलाच्या नव्याने स्थापन झालेल्या महिला विभागात त्या दाखल झाल्या, प्रशिक्षण घेतले आणि अधिकारी म्हणून सेवा केली. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या जवळ आले होते. युद्धानंतर डग्लसचे अवशेष मायभूमीत आणले गेले आणि गावाजवळच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली. दलाच्या जहाजाला त्याचे नाव देण्यात आले. त्याच नावाचे नवे जहाज २०१७ मध्ये सेवेत रुजू झाले.

आपण काय घ्यावे

युद्धाचा गौरव करण्यासाठी आम्ही ही कथा सांगत नाही. डग्लसच्या होडीवरही मशीनगन होती आणि ती चालली. समोरच्या झाडीत मरण पावलेले जपानी तरुणही कोणाच्या तरी पोटचे गोळे होते. हे विसरून केलेले स्मरण अपुरे ठरेल. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा शेवटचा प्रश्न. मृत्यू समोर उभा असताना माणसाच्या मुखी 'मी' येतो की 'ते', यावरून त्याची घडण कळते. असा प्रश्न ऐनवेळी सुचत नाही. तो रोजच्या सवयीतून येतो. वसतिगृहात आजारी सोबत्याचे ताट वाढून आणणारा, सहलीहून परतताना सर्वजण आले का हे मोजून पाहणारा विद्यार्थी नकळत हाच धडा गिरवत असतो.

आपल्या देशातही १ फेब्रुवारी १९७७ रोजी तटरक्षक दल अस्तित्वात आले आणि १९७८ च्या कायद्याने त्याला रीतसर रूप मिळाले. 'वयं रक्षामः', म्हणजे 'आम्ही रक्षण करतो', हे त्याचे ब्रीद. वादळात भरकटलेल्या मच्छीमारांना शोधून आणणे हे त्याचे नित्याचे काम आहे. ज्या पालकांची मुले अशा सेवेत आहेत, त्यांच्या मनातील अभिमान आणि काळजी दोन्ही आम्ही जाणतो. त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा एक मार्ग आपल्या हाती आहे : आपण जेथे असू तेथे सर्वांत शेवटी उरलेल्या माणसाची विचारपूस करणे.

चिंतनासाठी
१. डग्लसने शिकलेले कोणते कौशल्य संकटसमयी उपयोगी पडले असेल?
२. शौर्याचा आदर आणि युद्धाचा आदर यांत कोणता फरक आहे?
३. आपल्या वर्गात, घरात किंवा वस्तीत 'सगळे आले का?' असे कोण विचारते?