घटक ६ : कौटुंबिक प्रवासाचे लेखन : भद्रावतीच्या तांबूस खडकात

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• प्रवासवर्णनातील माहितीची प्रतवारी करता येईल.
• कुटुंबासह केलेल्या प्रवासातील अनेक दृष्टी एका लेखनात गुंफता येतील.
• ‘साहस’ या अनुभवाचे अतिशयोक्तीविना वर्णन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. मराठी प्रवासवर्णनातील प्रवासी पुष्कळदा एकटा नसतो. गोडसे भटजी आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापले गेले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) सुनीताबाई सोबत आहेत. सोबतचा माणूस लेखकाला प्रश्न विचारतो, थांबवतो, कधी विरोध करतो. त्यामुळे स्थळ एका नजरेपुरते मर्यादित राहत नाही. या घटकात आपण हाच धागा चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या उदाहरणाने पुढे नेणार आहोत.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ स्थळ : खडकापासून सुरुवात

तांबड्या खडकांचा प्रदेश म्हटला की अमेरिकेतील युटा राज्याचे वाळवंट आठवते. कुटुंबेच्या कुटुंबे तेथे साहसी सहलींसाठी जातात. भद्रावती वाळवंटात नाही; ताडोब्याचे अरण्य तिथून दूर नाही. तरीही येथील पिवळसर-तांबूस वालुकाश्म आणि युटामधील लाल खडक यांच्या रंगाचे कारण एकच आहे : वाळूच्या कणांभोवती असलेले लोहाचे ऑक्साइड.

अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील लेणी काळ्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे अग्निजन्य खडकात कोरलेली आहेत. विजासन टेकडीतील बौद्ध लेणी मात्र वालुकाश्मात, म्हणजे गाळाच्या खडकात आहेत. हे थर गोंडवन गटातील असून वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसाही याच गटात सापडतो. एकाच भूमीतून एका काळी भिक्षूंचा निवास आणि दुसऱ्या काळी खाणकामगाराची रोजी निघाली, ही गोष्ट या खडकाकडे नीट पाहिल्यावर कळते. ‘निसर्गरम्य परिसर’ असे लिहिणाऱ्याच्या हातून ती निसटते.

६.३.२ माहितीची प्रतवारी

प्रवासात मिळणारी सर्व माहिती सारख्या वजनाची नसते. भद्रावतीसंबंधी पुढील चार विधाने पाहा.

(अ) आख्यायिका : भीमाने अश्वमेधासाठी श्यामकर्ण घोडा जेथून नेला, ती भद्रावती हीच, असे परंपरा सांगते.
(आ) अनुमान : चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी भांदक, म्हणजे आजची भद्रावती, येथे असावी असे काही संशोधकांनी सुचवले; इतरांनी वेगळी स्थळे सुचवली.
(इ) पुरावा : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ (इ. स. ७७२) मधील ताम्रपट भांदक येथे मिळाला आहे.
(ई) प्रत्यक्ष निरीक्षण : टेकडीच्या पोटात सरळ जाणारा लांब मार्ग, त्याच्या टोकाशी आसनस्थ बुद्धमूर्ती आणि दोन्ही बाजूंना काटकोनात फुटणाऱ्या वाटा.

यांपैकी कोणतेही विधान लेखनातून वगळण्याचे कारण नाही. प्रत्येकाला योग्य क्रियापद मात्र द्यावे लागते. आख्यायिका ‘सांगतात’, अनुमान ‘असावे’ असते, ताम्रपट ‘मिळाला आहे’ आणि मूर्ती ‘दिसते’. ‘येथूनच भीमाने घोडा नेला’ असे लिहिले की आख्यायिकेचे सौंदर्य आणि इतिहासाची विश्वसनीयता, दोन्ही उणी होतात.

६.३.३ अनेक दृष्टींची गुंफण

पुढील दोन नमुने अध्ययनासाठी रचलेले आहेत.

नमुना १ : “आम्ही सहकुटुंब विजासन लेणी पाहण्यास गेलो. लेणी अतिशय भव्य व प्राचीन आहेत. सर्वांना फार आनंद झाला. हा दिवस कायम स्मरणात राहील.”

नमुना २ : “आत पाय टाकताच बाहेरचे ऊन मागे तुटल्यासारखे झाले. मुलगी मोठ्याने पावले मोजू लागली. मूर्तीपाशी पोहोचली तेव्हा बेचाळीस झाली होती. ‘पुस्तकात एकाहत्तर फूट लिहिले आहे,’ मी म्हणालो. ‘पुस्तकाचे पाय मोठे असतील,’ ती म्हणाली. गुडघ्यांमुळे आजी दाराशीच बसली होती. परत आलो तेव्हा ती दगडावर तळहात टेकून होती. ‘हा दगड आतून गार आहे,’ एवढेच बोलली.”

पहिल्या नमुन्यातील वाक्ये कोणत्याही लेण्याला लागू पडतील. दुसऱ्यात तीन माणसांनी तीन साधनांनी लेणे जाणले : मुलीने पावलांनी, निवेदकाने वाचनाने, आजीने स्पर्शाने. आजी आत गेली नाही, तरी खडकाविषयीची सर्वांत नेमकी नोंद तिची आहे. ‘आनंद झाला’ हे शब्द कुठेही नसून आनंद मात्र जाणवतो.

६.३.४ साहस आणि मर्यादा

कौटुंबिक प्रवासातील साहस सर्वांत दुबळ्या सदस्याच्या चालीने मोजावे लागते. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी सकाळी लवकर निघणे, पाण्याची सोय पाहणे आणि आजी थकली म्हणून परत फिरणे हे निर्णय लेखनात आले पाहिजेत. व्याघ्रप्रकल्पात वाहनातून खाली उतरता येत नाही. या नियमामुळे वाघ दिसण्याइतकेच वाघ न दिसताना शांत बसणे हाही कथनाचा विषय होतो. धोक्याचे शब्द वाढवून साहस वाढत नाही. निर्णय घेताना माणसे कशी वागली, हे सांगितले म्हणजे ते दिसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यालाही ‘मी येथे आलो होतो’ हेच सांगायचे असते. वालुकाश्म कणाकणाने झिजतो. त्यावर ओढलेली रेघ भरून येत नाही. प्रवासवर्णन ही तीच इच्छा वहीत पूर्ण करते आणि खडक पुढच्या प्रवाशासाठी जसाच्या तसा ठेवते. स्थळाजवळच राहणाऱ्या विद्यार्थ्याने तर हे काम अगत्याने करावे. दूरचा प्रवासी एकदा येतो आणि एकच ऋतू पाहतो. जवळच्या माणसाला तोच दगड पावसात गडद आणि वैशाखात फिकट होताना दिसतो.

६.४ सारांश

कौटुंबिक प्रवासाच्या लेखनात स्थळाची नेमकी ओळख, माहितीच्या प्रतीनुसार क्रियापदांची निवड, सहप्रवाशांच्या स्वतंत्र दृष्टी आणि मर्यादांचे प्रामाणिक कथन या चार गोष्टी आवश्यक आहेत. विशेषणांपेक्षा निरीक्षणावर भर दिल्यास जवळचे स्थळही प्रवासवर्णनाचा विषय होते.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. विजासन लेणी आणि अजिंठ्याची लेणी यांतील खडकाचा फरक सांगा.
२. आख्यायिका, अनुमान आणि पुरावा यांसाठी क्रियापदे कशी बदलतात, ते आपल्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. नमुना २ मधील प्रसंग आजीच्या निवेदनातून १०० शब्दांत लिहा.
४. घरापासून चालत जाता येईल अशा एखाद्या जुन्या स्थळी घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीसह जा. तिने केलेली व आपल्या लक्षात न आलेली किमान तीन निरीक्षणे नोंदवून ३०० शब्दांचे प्रवासवर्णन लिहा.