हलगीचा नाद आणि अवकाशाचा आकार

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत गणित आणि भौतिकशास्त्रावर लेख लिहावा, हे माजी विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल. त्याला कारण घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळी वसतिगृहातील नववीच्या एका मुलाने गावाहून हलगी आणली. वाजवण्यापूर्वी त्याने ती शेकोटीवर धरली, टिचकी मारून पाहिली, पुन्हा धरली. चामडे तापून ताणले गेले की आवाज चढतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. मग तो म्हणाला, "सर, डोळे मिटून नुसत्या आवाजावरून हलगी लहान की मोठी हे मी सांगतो. पण ती गोल आहे की चौकोनी, हेही आवाजावरून सांगता येईल का?"

हलगी आमच्याही घरी होती. माझ्या आजोबांनी ती एके दिवशी खुंटीला टांगली आणि पुन्हा कधी खाली घेतली नाही. गावकीच्या सक्तीने वाजवावे लागणारे वाद्य माणसाने का टाकून दिले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यामुळे मुलाच्या हातात ती दिसताच माझ्या मनात प्रथम अस्वस्थता आली, हे कबूल करतो. पण त्याने वाद्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर वेगळी होती. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याकडे मी काही रविवार शिकवणी घेतली. जे समजले ते येथे मांडतो.

हाच प्रश्न पोलिश-अमेरिकन गणिती मार्क काक यांनी १९६६ साली एका लेखाच्या शीर्षकातच विचारला होता. ढोलाचा आकार ऐकता येतो का, असा तो प्रश्न. पडदा कंप पावतो तेव्हा एकच स्वर निघत नाही. एक मूळ स्वर असतो आणि त्याच्यावर अनेक उपस्वर. एकतारीच्या तारेत उपस्वरांच्या वारंवारता मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीने येतात. गोल पडद्यात मात्र त्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट अशा आडनिड्या येतात, म्हणून साध्या ढोलाचा स्वर नीट लागल्यासारखा वाटत नाही. (मृदंग आणि तबल्यावर मधोमध शाई चढवली की हेच उपस्वर जवळजवळ पूर्णांकाच्या पटीत बसतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवून दिले. शाई चढवणाऱ्या कारागिरांच्या हातांना ते शतकानुशतके माहीत होते. त्या हातांची नावे मात्र कुठे नोंदलेली नाहीत.)

गणिताच्या भाषेत पडद्यावर एक 'ऑपरेटर' काम करतो. ऑपरेटर म्हणजे एका फलनावर क्रिया करून दुसरे फलन देणारी व्यवस्था. पडद्याचा ऑपरेटर लाप्लास यांच्या नावाने ओळखला जातो. पडद्याचा एखादा बिंदू भोवतालच्या बिंदूंच्या सरासरीपेक्षा किती उंच किंवा खाली आहे, हे तो मोजतो. काही विशिष्ट लहरींवर ही क्रिया केली असता लहरीचा आकार तसाच राहतो, ती फक्त एखाद्या संख्येने गुणली जाते. त्या संख्यांना आयगेन मूल्ये म्हणतात आणि त्यांच्या संपूर्ण यादीला त्या ऑपरेटरचा वर्णपट. या यादीतूनच ढोलाच्या सर्व स्वरांच्या वारंवारता मिळतात. मुलाचा प्रश्न आता असा झाला: यादी दिली, तर आकार सांगता येईल का?

काही गोष्टी नक्की सांगता येतात. १९१० साली डच शास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी गॉटिंगेन येथे व्याख्याने दिली. बंद पोकळीतील प्रारणाचा अभ्यास करताना भौतिकशास्त्रज्ञांना असे दिसले होते की, एका मर्यादेखाली किती स्वर मावतात हे पोकळीच्या आकारावर नव्हे, केवळ आकारमानावर अवलंबून असावे. हे सिद्ध करा, असे आवाहन त्यांनी गणितज्ञांना केले. आपल्या हयातीत ते सिद्ध होणार नाही, असे हिल्बर्ट म्हणाले होते असे सांगतात. पंचविशीतील हेरमान वाइल यांनी १९११ मध्येच ते सिद्ध केले. पडद्यासाठी याचा अर्थ असा की उंच स्वरांची गर्दी पडद्याचे क्षेत्रफळ सांगते. म्हणजे 'लहान की मोठी' याबाबत आमच्या मुलाचा कान बरोबर होता.

पुढची पायरी उष्णतेने चढता येते, आणि ती मला सर्वांत सुंदर वाटली. पडद्याच्या एका बिंदूवर क्षणभर उष्णता ठेवली अशी कल्पना करा. पहिल्या अत्यल्प क्षणांत ती उष्णता कडेपर्यंत पोहोचत नाही. आपण केवढ्या पडद्यावर आहोत, त्याला कड आहे की नाही, याची तिला वार्ताच नसते. थोड्या वेळाने कडेची जाणीव होते, मग कोपऱ्यांची, छिद्रांची. सर्व बिंदूंवरचा हा हिशेब एकत्र केला तर तो केवळ वर्णपटाच्या संख्यांनी लिहिता येतो, आणि त्यातून ओळीने क्षेत्रफळ, परिमिती व छिद्रांची संख्या बाहेर पडते. आता क्षेत्रफळ आणि परिमिती दोन्ही ऐकू आल्या, तर एक सुखद निष्कर्ष हाती येतो. ठरावीक क्षेत्रफळाला सर्वांत कमी परिमिती असणारा आकार वर्तुळ हा एकच आहे. म्हणून गोल हलगी तत्त्वतः कानाने ओळखता येते. मुलाला हे उत्तर मी दुसऱ्याच रविवारी दिले.

पृष्ठभाग सपाट नसून वक्र असेल तर काय? येथे एका भारतीय गणितज्ञाचे नाव आदराने घ्यावे लागते. सुब्बरामय्या मीनाक्षीसुंदरम हे वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठातील प्राध्यापक. प्रिन्स्टन येथे असताना त्यांची स्वीडनच्या ओके प्लेयेल यांच्याशी गाठ पडली आणि १९४९ मध्ये दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कोणत्याही मितीच्या वक्र अवकाशावर उष्णतेचा हा हिशेब कसा उलगडतो, हे त्यात आहे. पहिल्या पदात आकारमान येते आणि त्यानंतरच्या पदांत वक्रता. चेंडूसारखा बंद पृष्ठभाग आणि मधोमध भोक असलेल्या मेदूवड्यासारखा पृष्ठभाग यांतला फरक अशा रीतीने वर्णपटातून ऐकता येतो. १९६८ साली मीनाक्षीसुंदरम यांचे निधन झाले. गणिताबाहेरच्या जगात हे नाव फारसे कोणी घेत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतील भारतीय शास्त्रज्ञांच्या याद्या किती आखूड असतात, याचा हा आणखी एक दाखला.

येथून पुंजक्षेत्र सिद्धान्ताकडे वळतो. या सिद्धान्तानुसार विद्युतचुंबकीय क्षेत्र म्हणजे असंख्य कंपनांचा समूह. जणू सर्वत्र पसरलेला एक पडदा. त्यातील प्रत्येक कंपनाला, सर्व काही शांत असतानाही, वारंवारतेच्या प्रमाणात थोडी ऊर्जा शिल्लक राहते. म्हणजे निर्वात हेही पूर्ण स्तब्ध नसते. पण कंपने अनंत असल्यामुळे बेरीजही अनंत येते, आणि अनंत ऊर्जेला अर्थ काय द्यावा हा पेच उभा राहतो.

पेच कागदावरचाच आहे असे समजू नये. १९४८ साली नेदरलँड्समधील हेंड्रिक कासिमिर यांनी दाखवले की, निर्वातात दोन धातूच्या गुळगुळीत पट्ट्या समोरासमोर ठेवल्या तर त्यांच्यामध्ये मावणाऱ्या लहरींची यादी बदलते, आणि तेवढ्यावरून पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. अंतर निम्मे केले की दर चौरस एककावरील ओढ सोळापट होते. १९९७ मध्ये लामोरो यांनी ही ओढ अचूकपणे मोजली. दोन्ही बेरजा अनंत, पण त्यांतील फरक मोजता येण्याजोगा आहे, ही गोष्ट मला आजही चकित करते.

अनंत बेरजेतून सांत उत्तर काढण्याची एक वाट झीटा फलनातून जाते. एक अधिक दोन अधिक तीन या न संपणाऱ्या बेरजेला उणे एक बारांश हे मूल्य देता येते, असे रामानुजन यांनी १९१३ साली हार्डी यांना लिहिले होते. ही साधी बेरीज नव्हे. झीटा फलनाचा जेथपर्यंत अर्थ लागतो त्याच्या पलीकडे ते फलन शिस्तीने वाढवून मिळालेली ती किंमत आहे. पूर्णांकांच्या जागी ऑपरेटरच्या वर्णपटातील संख्या घातल्या की त्या ऑपरेटरचे झीटा फलन मिळते, आणि त्याचा पाया मीनाक्षीसुंदरम व प्लेयेल यांच्या त्याच निबंधात आहे. १९७७ साली स्टीफन हॉकिंग यांनी वक्र अवकाशकालातील पुंजक्षेत्रांचा हिशेब याच पद्धतीने मांडला. ब्राइस डीविट यांनी त्याआधीच दाखवले होते की हे सर्व अनंत उष्णतेच्या हिशेबातील पहिल्या काही पदांतच दडलेले असतात. ती पदे स्थानिक वक्रतेची असल्याने गुरुत्वस्थिरांकासारख्या संख्यांमध्ये सामावून घेता येतात.

मात्र येथे एक अडचण आहे, आणि खरा गाभा तोच आहे. ढोलाला एक ठरलेली कड आहे आणि ऐकणाऱ्याजवळ एक घड्याळ आहे. वक्र अवकाशकालात सर्वांना मान्य असे एकच घड्याळ नसते. वारंवारता म्हणजे ठरावीक वेळात होणारी कंपने. घड्याळ बदलले तर वारंवारतांची वाटणी बदलते, आणि तिच्याबरोबर निर्वात कशाला म्हणायचे तेही बदलते. हार्वर्डमध्ये संशोधन करताना लिओनार्ड पार्कर यांनी १९६०च्या दशकात दाखवले की प्रसरण पावणाऱ्या विश्वात आरंभीचे निर्वात पुढे निर्वात राहत नाही, त्यात कण निर्माण होतात. १९७४ साली हॉकिंग यांनी कृष्णविवराबाबत असाच निष्कर्ष काढला: ते तापलेल्या वस्तूप्रमाणे प्रारण सोडते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान मात्र इतके कमी की एका केल्व्हिनचे १० कोटी भाग केले तर त्यातील जेमतेम ६ भाग. अवकाशात सर्वत्र पसरलेले प्रारणच सुमारे २.७ केल्व्हिनचे असल्याने त्यापुढे ही ऊब मोजणे आज शक्य नाही. आपल्या पुण्यातील आयुका संस्थेत थानू पद्मनाभन यांनी गुरुत्व आणि उष्णता यांच्या याच नात्यावर आयुष्याचा मोठा काळ विचार केला.

हा विषय मी एका रविवारच्या धम्मवर्गात मांडला, तेव्हा एका पालकांनी उठून आनंदाने म्हटले की, शून्यता तर नागार्जुनांनी आधीच सांगितली होती, विज्ञान आता तेथे पोहोचते आहे. टाळ्याही पडल्या. मला नम्रपणे असहमती दर्शवावी लागली. नागार्जुनांचा प्रश्न वस्तूंना स्वतःचा असा स्वभाव असतो काय, हा आहे. कासिमिर यांचा प्रश्न पट्ट्यांमधील ओढ किती, हा आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. पुराणांत विमाने होती असे कोणी म्हटले की आपण पुरावा मागतो. मग आपल्या घरच्या ग्रंथासाठी वेगळे माप कसे लावायचे? कालाम सुत्त आपण मुलांना पाठ करायला लावतो ना? ते पालक थोडे नाराज झाले. पण पुढच्या रविवारी पुन्हा आले आणि पट्ट्यांची ओढ मोजतात कशी, ते विचारू लागले.

राहिला काक यांचा प्रश्न. जॉन मिलनर यांनी १९६४ मध्ये सोळा मितींमध्ये दोन भिन्न आकारांचा वर्णपट एकच असल्याचे दाखवले होते. सपाट ढोलांसाठी उत्तर यायला १९९२ साल उजाडले. कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोलपर्ट यांनी आठ बाजूंचे दोन आकार दिले. क्षेत्रफळ तेच, परिमिती तीच, स्वरांची यादी शेवटपर्यंत तीच, पण आकार वेगळे. दोन वर्षांनी बॉस्टन येथे श्रीधर आणि कुद्रोली यांनी अशाच आकाराच्या धातूच्या पोकळ्या बनवून त्यांतील सूक्ष्मलहरींचे वर्णपट जुळतात हे प्रयोगाने पाहिले. हे दोन्ही आकार आम्ही वर्गात पुठ्ठ्याचे कापले. प्रत्येकात सारखेच सात काटकोन त्रिकोण आहेत, फक्त जोडणी निराळी.

मुलाने दोन्ही पुठ्ठे बराच वेळ फिरवून पाहिले. मग म्हणाला, "सर, स्वर तेच असले तरी मी हलगीवर मधे मारतो तेव्हा आवाज वेगळा आणि कडेला मारतो तेव्हा वेगळा. यांना कुठे मारायचे ते कोणी सांगितले आहे का?" सांगितले आहे. यादी एकच असली तरी कोणता स्वर किती जोरात उमटेल हे मारण्याच्या जागेवर ठरते, त्यामुळे असे दोन ढोल प्रत्यक्षात कानाला वेगळे वाटू शकतात. बुझर, कॉनवे, डॉइल आणि झेमलर यांनी १९९४ मध्ये एक निराळी जोडी दिली. तिच्यात प्रत्येक आकारावर एक खास बिंदू आहे, आणि त्या बिंदूंवर मारले तर प्रत्येक स्वराचा जोरही दोन्हींत सारखाच येतो. त्या जोडीचे पुठ्ठे तो आता कापतो आहे.