वालाचे वरदान आणि डॉ. कमला सोहोनी

मध्यंतरी धडगावकडची एक आई दवाखान्यात आली. कडेवर तीन वर्षांचा किरकोळ अंगाचा मुलगा, सोबत दहावीतली मोठी मुलगी. "डॉक्टरसाहेब, घरात डाळ, वाल सगळं आहे. पण याच्या अंगाला काही लागत नाही," ती म्हणाली. विचारपूस केल्यावर समजले की, सरपण वाचावे म्हणून वाल न भिजवताच शिजत टाकतात आणि अर्धेकच्चेच उतरवतात.

मुलाचे वजन न वाढण्यामागे जंत, वारंवार होणारे जुलाब, क्षय अशी इतरही कारणे असू शकतात. म्हणून तपासण्या सांगितल्याच. पण वालाचीही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

खाल्लेली प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून एक पाचकरस येतो. त्यात ट्रिप्सिन नावाचे द्रव्य असते. कच्च्या वालात या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. त्यामुळे प्रथिने पोटात जातात, पण पुरती पचत नाहीत. पाण्यात चांगले शिजवल्यावर हा घटक बऱ्याच अंशी नष्ट होतो.

वाल आणि डबल बी यांतून हा घटक स्फटिकरूपात वेगळा काढला तो मुंबईच्या विज्ञान संस्थेतील डॉ. कमला सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने. ते संशोधन १९५५ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात आले.

कमलाताई म्हणजे लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवरचे त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर गरिबांच्या ताटातल्या अन्नावर त्यांनी काम केले. नीरेच्या पोषणमूल्यांवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्या गेल्या. आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेही हेच वर्ष.

आता घरी काय करावे? वाल, चवळी, हरभरा रात्री भिजत घालावेत. सकाळी ते पाणी टाकून द्यावे. जमल्यास मोड आणावेत. भिजवलेले कडधान्य लवकर शिजते, सरपणही वाचते. दाणा बोटांनी सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. लहान मुलाला तो कुस्करून, थोडे तेल घालून, ज्वारीच्या भाकरीसोबत द्यावा. ज्वारीच्या प्रथिनांतली उणीव कडधान्य भरून काढते. दरमहा अंगणवाडीत वजन करावे. वजन वाढत नसेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे.

हे सांगत असताना मोठी मुलगी मध्येच म्हणाली, "साहेब, शिजवल्यावर तो घटक जातो कुठे?" मी तिला तो उष्णतेने कसा मोडतो ते सांगितले. आई म्हणाली, "हिला दहावीनंतर घरीच ठेवणार आहोत."

तेव्हा मी दोघींना कमलाताईंची गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात मुलाचे वजन करायला त्या येतील. वजनासोबत मुलीच्या अकरावीचीही चौकशी करणार आहे.