सुक्याबरोबर ओलेही

इसवी सन १९२८ च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील आपल्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून परतले. काचेच्या उथळ बशांत त्यांनी काही जिवाणू वाढविले होते. त्यांतील एका बशीत बुरशी उगवली होती आणि तिच्या आसपासचे जिवाणू नाहीसे झाले होते! या बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याला फ्लेमिंग यांनी पेनिसिलीन असे नाव दिले. पुढे फ्लोरी व चेन या शास्त्रज्ञांनी त्यापासून औषध सिद्ध केले. १९४५ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जिवाणूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या अशा औषधांना प्रतिजैविके म्हणतात. पूर्वी न्यूमोनियाने किंवा चिघळलेल्या जखमेने असंख्य माणसे दगावत. प्रतिजैविकांनी त्यांना जीवदान दिले. भारतातही हे औषध तयार व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारने १९५४ साली एक कंपनी स्थापन केली.

पेनिसिलीन आपले काम कसे करते, हे पाहण्यासारखे आहे. जिवाणूभोवती एक भक्कम भिंत असते. पेनिसिलीन ती भिंत नीट बांधू देत नाही. भिंत कमकुवत झाली की जिवाणू फुटून मरतो. मनुष्याच्या पेशींना अशी भिंतच नसते. म्हणून त्यांना इजा होत नाही.

परंतु येथेच एक अडचण उद्भवते. मनुष्याच्या शरीरात केवळ त्याच्याच पेशी नसतात. तेथे सुमारे ३८ लक्ष कोटी जिवाणूही वस्ती करून असतात, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ते शत्रू नव्हेत. ज्वारी, डाळी आणि भाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, त्याचे ते विघटन करतात व त्यातून आतड्याचे पोषण होते. काही जिवाणू ‘के’ जीवनसत्त्व तयार करतात. शिवाय जागा आणि अन्न त्यांनी आधीच व्यापलेले असल्यामुळे रोगकारक जिवाणूंना तेथे सहजासहजी पाय रोवता येत नाहीत.

या सोबत्यांनाही भिंत असते. औषधाला मित्र व शत्रू यांतील भेद कळत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे रोगजंतूंबरोबर हे उपकारक जिवाणूही मरतात. म्हणूनच प्रतिजैविक घेत असताना अनेकांचे पोट बिघडते. क्वचित याहून गंभीर प्रसंगही ओढवतो. क्लोस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल नावाचा एक जिवाणू टणक कवचात दडून राहू शकतो. सोबती नाहीसे झाले की रिकाम्या रानात तण माजावे तसा तो माजतो आणि तीव्र अतिसार होतो.

उजाड झालेली वस्ती पुन्हा भरते का? डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन प्रभावी प्रतिजैविके देऊन याचा शोध घेतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की सुमारे दीड महिन्यात ही वस्ती बरीचशी पूर्ववत झाली. तथापि, आधी सर्वांच्या आतड्यांत असलेल्या जिवाणूंच्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत आढळल्या नाहीत. चार दिवसांची हानी सहा महिन्यांतही पूर्ण भरून आली नाही!

मग प्रतिजैविकांना भ्यावे काय? मुळीच नाही. घर पेटले असता पाण्याने सामान भिजेल म्हणून कोणी आग विझवावयाचे थांबत नाही. परंतु आग लागली नसताना घरात पाणी ओतणे हे शहाणपण नव्हे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. अशा वेळी ती घेतल्यास शत्रूला धक्काही लागत नाही. मरतात ते केवळ मित्र. म्हणून डॉक्टरांनी सांगितले तरच, त्यांनी सांगितले तितके दिवस आणि तितक्याच मात्रेत हे औषध घ्यावे. घरात उरलेली किंवा दुसऱ्यासाठी आणलेली गोळी आपल्या मनाने कधीही घेऊ नये.

डोळ्यांना न दिसणारे हे सोबती काही न मागता आयुष्यभर मनुष्याची सेवा करतात. त्यांना विनाकारण न मारणे, एवढी तरी त्यांची परतफेड मनुष्याने करावयास हवी.

प्रश्न
१. पेनिसिलीनमुळे जिवाणू मरतात, पण मनुष्याच्या पेशींना इजा होत नाही. याचे कारण काय?
२. आतड्यातील जिवाणू मनुष्याच्या कोणत्या उपयोगी पडतात?
३. सर्दी झाली असता प्रतिजैविक घेतल्यास लाभ न होता हानी का होते?