ड्रिलची बॅटरी चार्ज होत नसेल तर

विद्यार्थी मित्रांनो, कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी चार्ज होत नसेल तर मीटर काढण्याआधी तिच्याकडे नीट बघा, असे आम्ही सांगतो. ती फुगली, तडकली, ओलसर दिसली किंवा तिला गोडसर वास आला, तर तपासणी तिथेच संपली. चार्जरला लावायची नाही, उघडायचीही नाही.

बाहेरून ठीक असेल तर आधी थंड होऊ द्या. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर तापली असताना चार्ज करत नाहीत. आपल्या नेहरू नगरात मे महिन्यात गच्चीवर राहिलेली बॅटरी त्यापुढे सहज जाते आणि चार्जर थांबतो. तो बिघडलेला नसतो, शहाणा असतो! मग टोके कोरड्या कापडाने पुसा.

आता शिक्षकांच्या समोर मीटर लावा. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणजे एकूण २१ व्होल्ट. आकडा साडेबाराच्या खाली गेला असेल तर चार्जर बहुधा नकारच देतो. अशा वेळी दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून 'धक्का' द्यायची युक्ती काहीजण सांगतात. पालकांनो, ती घरी करू नका. फार उतरलेल्या सेलमध्ये तांबे विरघळते, पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे साचते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. आग त्याच क्षणी लागेल असे नाही, नंतरही लागू शकते.

निकामी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कचरागाडीत टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानात तसे विचारा.