खुरातील रक्ताभिसरण आणि लॅमिनायटिस

राजधानी दिल्लीत घोडा अनेक रूपांत आढळतो. १७७३ पासूनची परंपरा सांगणाऱ्या राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडे, वरातीत नवरदेवाला मिरवणारी घोडी, गाझियाबादकडील वीटभट्ट्यांवर कच्च्या विटांच्या गाड्या ओढणारी घोडी व खेचरे, या सर्वांचा आहार, काम आणि निगा भिन्न असते. खुराची रचना मात्र एकच असते, आणि म्हणून लॅमिनायटिस हा रोग त्यांपैकी कोणालाही गाठू शकतो.

खुराच्या शिंगासारख्या कठीण कवचात पायाचे शेवटचे हाड असते. ते तळव्यावर नुसते टेकलेले नसते. कवचाच्या आतील बाजूस सुमारे ५५० ते ६०० उभे पापुद्रे असतात आणि हाडाला चिकटलेल्या जिवंत ऊतीचे तसेच पापुद्रे त्यांत गुंतलेले असतात. या गुंफणीमुळे हाड कवचात टांगल्यासारखे राहते व शरीराचा भार पेलते. ही गुंफण दुखावून सैल होणे म्हणजेच लॅमिनायटिस होय.

पायाच्या दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या रोहिणी या हाडात कमानीसारख्या एकत्र येतात. तेथून फुटणाऱ्या शाखा पापुद्र्यांतील केशवाहिन्यांना रक्त पुरवितात. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसल्याने रक्त वर परतण्यास खुराचीच मदत होते : पाऊल टेकताच नीलांवर दाब पडून रक्त वर ढकलले जाते. शिवाय रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइडसारखी प्रसरण घडविणारी आणि एंडोथेलिनसारखी आकुंचन घडविणारी द्रव्ये निर्माण करते. या दोहोंच्या समतोलावर रक्तपुरवठा अवलंबून असतो.

घोड्याने एकदम फार धान्य खाल्ले, तर लहान आतड्यात न पचलेला पिष्टमय भाग मोठ्या आतड्यात आंबतो. तेथील आम्लता वाढून आतड्याचे अस्तर दुखावते व अपायकारक द्रव्ये रक्तात शिरतात. त्यांतील काही द्रव्यांमुळे खुरातील नीला विशेषेकरून आकुंचन पावतात. रक्ताला बाहेरची वाट अरुंद झाली, की केशवाहिन्यांतील दाब वाढतो व द्रव पाझरू लागतो. कवच ताणले जात नसल्यामुळे ही सूज केशवाहिन्यांनाच दाबते.

रोगाचे हे संपूर्ण कारण असावे, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढील संशोधनाने त्यात भर घातली. पापुद्र्यांचे बंध तोडणाऱ्या विकरांचा सहभाग दिसून आला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगात निरोगी तट्टांच्या रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण काही दिवस उंच ठेवले असता, साखर नेहमीइतकी असूनही त्यांना हा रोग जडला. लठ्ठ व इन्सुलिनला दाद न देणाऱ्या घोड्यांना तो का होतो, हे त्यामुळे उलगडले. रक्तवाहिन्यांतील बिघाड हा आता रोगाच्या अनेक वाटांपैकी एक मानला जातो.

धान्याच्या अतिसेवनानंतर साधारण एक-दोन दिवस घोडा लंगडत नाही. मात्र खुरातील हानी तेव्हाच सुरू झालेली असते. त्यानंतर खुराजवळील नाडी जोराने उडू लागते, खूर तापते आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो. हाड एकदा खाली सरकले, की त्याला पूर्वस्थितीत आणणे अतिशय अवघड असते. म्हणून घोड्याने धान्याचे पोते फोडल्याचे कळताच, तो धडधाकट दिसत असला तरी, पशुवैद्याला बोलवावे. या पहिल्या काळात खूर सतत बर्फात ठेवल्यास हानी पुष्कळ टळते, असे प्रयोगांनी दाखविले आहे. ज्या कुटुंबाचे पोट एका घोडीवर चालते, त्याच्या दृष्टीने हे दोन दिवस निर्णायक ठरतात.